आमच्या खोलीविरुद्ध मत देणाऱ्या निर्मलाताई

शैलजा विश्वास धामणकर, हा लेख तू लिहायचा होतास. निर्मलाताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त गौरवग्रंथ काढण्याचे आपल्या मराठी मंडळाने गेल्या उन्हाळ्यात ठरवले, तेव्हा संपादकांनी फोन तुला केला होता, मला नव्हे. आणि ते योग्यच होते. तू होकार दिलास. पुढे आजार वाढला, तेव्हा एका दुपारी गुंगीतून जागी होऊन तू म्हणालीस, "माझ्याच्यानं आता व्हायचं नाही. तू लिही. पण ताई आपल्या घरी येऊन काय बोलल्या ते गाळू नकोस. ते गाळलंस तर लेख कुणाचाही होईल." मी तुला शब्द दिला. तो पाळायला हिवाळा उलटून जावा लागला, त्याचे कारण पुढे येईल.

एवढे तुला सांगून झाले. येथून पुढे लेख वाचकांचा आहे आणि गौरवमूर्ती निर्मलाताई आहेत. म्हणून तुझा उल्लेख मी इतरांचा करावा तसा करणार आहे. तुला ते हसू येण्यासारखे वाटले असते, याची मला कल्पना आहे.

सौ. निर्मला हेमंत काळसेकर यांना आमच्या गावात सर्वजण निर्मलाताई म्हणतात. डच शेजाऱ्यांना 'ताई' हे त्यांचे आडनाव वाटते, त्यामुळे त्यांना 'मेव्हराउ ताई', म्हणजे 'श्रीमती ताई', अशी हाक येते आणि त्या तिला ओ देतात. आमचे गाव लहान आहे. फेल्डहोवनच्या यंत्रकारखान्यांत काम करणारी बरीच कुटुंबे घरे तेथे परवडत नाहीत म्हणून इकडे राहावयास आली, त्यांत आम्हीही होतो. गावाच्या मधून एक मोठा रस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडे आमची वस्ती आणि पलीकडे बाजार, शाळा, वाचनालय. दोहोंना जोडणारा सायकलींचा एकच बोगदा आहे. या लेखात त्या बोगद्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

निर्मलाताईंशी माझी ओळख एका सत्कारसमारंभात झाली, आणि तो समारंभ फसला होता.

मंडळाचा पहिला गणेशोत्सव आम्ही वस्तीच्या समाजघरात केला. त्या वेळी कार्याध्यक्षपद माझ्याकडे होते. पुण्यात ज्या मंडळात मी वाढलो तेथे शेवटच्या दिवशी पोलीस चौकीच्या साहेबांना शाल, श्रीफळ आणि पोलीस कल्याण निधीसाठी एक पाकीट देण्याची पद्धत होती. येथेही ती चालू ठेवावी असे कार्यकारिणीत एकमताने ठरले. वस्तीचे पोलीस हेंक यांना निमंत्रण गेले. ते गणवेशात आले, चप्पल-बूट काढायची जागा विचारून बूट काढले आणि मोदक हातात घेऊन पहिल्या रांगेत बसले. दुभाषी म्हणून नगरपालिकेच्या खिडकीवर काम करणाऱ्या कोणी मराठी बाई येणार असल्याचे खजिनदार सावंत यांनी सांगितले होते. त्या म्हणजे निर्मलाताई.

मी भाषणात म्हटले की, आम्ही सर्वजण या गावात नियमित घरपट्टी भरतो, त्यातूनच हेंकसाहेबांचा पगार निघतो, याचा आम्हाला अभिमान वाटतो. निर्मलाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि वाक्य जसेच्या तसे डचमध्ये सांगितले. हेंक मोठ्याने हसले. काही बोलले. निर्मलाताईंनी त्याच सुरात भाषांतर केले: "ते म्हणतात, माझा पगार या गावातून निघत नाही. हेगहून, देशाच्या सरकारकडून येतो. आणि पाकीट घेतलं तर तोही बंद होईल."

पाकीट परत आले. शालही परत आली. नारळ मात्र हेंक यांनी ठेवून घेतला, कारण तो फोडून सगळ्यांत वाटायचा असतो असे निर्मलाताईंनी त्यांना समजावले. मी शाल हातात घेऊन उभा होतो. तेव्हा निर्मलाताई माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "धामणकर, शाल द्यायचीच असेल तर बाहेर द्या. निळ्या गणवेशात एक जण उभा आहे, योप नावाचा. तो पालिकेचा गस्तवाला. त्याचा पगार खरोखर आपल्या करातून येतो."

"मग त्यांना आत का बोलावलं नाही?"

"तो कामात आहे. हिरवळीवर लावलेल्या गाड्यांना दंडाच्या पावत्या लावतोय. तुमची निळी गाडी पहिलीच आहे."

शैलजा पहिल्या रांगेत हेंक यांच्या शेजारी बसली होती. ती इतकी हसली की तिला उठून स्वयंपाकघरात जावे लागले. निर्मलाताई तिच्या मागोमाग गेल्या, आणि त्या दोघींची मैत्री तेथे चहाच्या पातेल्यापाशी सुरू झाली. योप यांना मी शाल दिली नाही. पावती मात्र वेळेत भरली.

निर्मलाताईंचे कार्य समजण्यासाठी त्यांची पूर्वपीठिका थोडी सांगणे आवश्यक आहे. साताऱ्याजवळच्या एका नगरपालिकेत त्या करविभागात नोकरीस होत्या. लग्नानंतर श्री. हेमंत काळसेकर यांच्या निवास परवान्यावर अवलंबित पत्नी म्हणून त्या नेदरलँड्समध्ये आल्या. पहिली काही वर्षे त्यांनी घरात काढली. त्या काळाविषयी त्या एकच गोष्ट सांगतात: दारातून पडलेले नगरपालिकेचे प्रत्येक पत्र त्या शब्दकोश घेऊन वाचत असत. बाकीच्या स्त्रियांनी पाककृती वाचून किंवा मुलांच्या पुस्तकांतून भाषा शिकली. निर्मलाताई सांडपाण्याच्या आकारणीतून शिकल्या. पुढे त्यांना पालिकेच्या खिडकीवर नोकरी मिळाली आणि नंतर एका स्थानिक पक्षाने त्यांना नगरपरिषदेसाठी उभे राहण्यास सांगितले.

येथे पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की परदेशी नागरिकालाही गावाच्या निवडणुकीत मत देता येते आणि उभेही राहता येते. आमच्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी त्याचा उपयोग केला नव्हता. निर्मलाताईंनी केला. मात्र पालिकेच्या नोकराला त्याच पालिकेच्या परिषदेत बसता येत नाही, म्हणून निवडून आल्यावर त्यांनी खिडकीवरची नोकरी सोडली आणि शेजारच्या गावातल्या वाचनालयात अर्धवेळ काम धरले. परिषदेचा भत्ता त्या नोकरीची भरपाई करणारा नव्हता. हेमंतराव एवढेच म्हणाले, "घरात आधीपासून तिचीच पालिका आहे. आता गावात जाऊ दे."

दर वर्षी फेब्रुवारीत गावातल्या घरोघरी नगरपालिकेचे करपत्र येते. ते आल्यावरच्या शनिवारी निर्मलाताई समाजघरात बसत आणि ज्याला जे विचारायचे असेल ते विचारू देत. नव्याने आलेल्या मंडळींना ते पत्र समजत नसे. जुन्यांना समजते असे वाटत असे. या बैठकीला त्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा घेऊन येत. डबा उघडून हळदीच्या वाटीवर बोट ठेवीत आणि म्हणत, "हा सांडपाण्याचा पैसा. गटारासाठी घेतला, गटारालाच लागणार. यातून दुसरं काही नाही." मग मोहरीची वाटी: "हा कचऱ्याचा. याचंही तेच." मग मधली मोठी वाटी: "ही घरपट्टी. घर ज्याच्या मालकीचं त्यानं भरायची. सरकारकडून येणाऱ्या रकमेबरोबर ही एकत्र होते, आणि यातून परिषद ठरवेल ते. दिवे, वाचनालय, हे समाजघर, आणि योपची गस्त."

एकदा कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या एका तरुणाने विचारले, "आणि पोलीस कोणत्या वाटीत?"

"मीठ कुठं असतं तुमच्या घरी?"

"वेगळ्या बरणीत."

"तसंच. पोलीस या डब्यात नाहीतच. देशभराचं एकच पोलीस दल, त्यांचा खर्च हेगच्या तिजोरीतून. गावात शांतता राहावी म्हणून पोलिसांनी काय करावं हे आपले महापौर सांगू शकतात. पण चिमूटभर जास्त हवंय म्हणून बरणी उघडायचा हक्क त्यांना नाही."

"म्हणजे आम्ही घरपट्टी दुप्पट भरली तरी एक पोलीस वाढणार नाही?"

"नाही. गस्तवाले वाढतील. त्यांच्याकडे पिस्तूल नसतं, चोराच्या मागं ते धावत नाहीत. पण अंधारात कुणीतरी उभं आहे एवढं त्यांच्यामुळं होतं. पुष्कळदा तेवढंच लागतं."

सावंत मागून म्हणाले, "ताई, डब्यात जिऱ्याची वाटी रिकामी आहे."

"ती तुमच्यासाठी ठेवलीय. अजून कर भरला नाहीत ना गेल्या वर्षीचा?"

मी इंजिनियर आहे. करपद्धतीचे आराखडे मला कागदावर अधिक चांगले काढता आले असते. तरी त्या डब्यामुळे जे लोकांच्या लक्षात राहिले ते माझ्या आराखड्यामुळे राहिले नसते, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

समाजघरातील मागची खोली ही शैलजाची होती. कागदोपत्री नव्हे, वापराने. दर गुरुवारी संध्याकाळी तेथे एक टेबल भरत असे. नवऱ्यांच्या परवान्यावर आलेल्या स्त्रिया तेथे येत, चहा घेत आणि डच बोलण्याचा सराव करीत. मराठी स्त्रिया अधिक, पण इतरही असत. शैलजाचे स्वतःचे डच मोडके होते आणि ती ते संकोच न करता बोलत असे, हेच त्या टेबलाचे भांडवल होते. या टेबलावरून उठून पुढे किती जणींनी नोकऱ्या धरल्या, स्वतःचे डबे आणि शिवणकाम सुरू केले, हे त्याच अधिक अधिकाराने सांगू शकतील. खोलीच्या किल्ल्या शैलजाकडे असत. पिशवीत पटकन हाताला लागाव्यात म्हणून तिने त्यांना लाल लोकरीचा गोंडा बांधला होता.

काही हिवाळ्यांपूर्वी टेबलावरची संख्या घटू लागली. कारण बोगदा. संध्याकाळी लवकर अंधार पडे, बोगद्यात मोपेड घेऊन काही तरुण उभे राहत. गुन्हा म्हणून नोंदवावे असे काही घडत नसे. शेरे, शिट्ट्या, एखादी फुटलेली बाटली. एकदा एका नव्या मुलीच्या सायकलीपुढे कोणी मोपेड आडवी घातली. ती पुन्हा आली नाही. पलीकडून येणाऱ्या इतरही थांबल्या. हेंक यांना सांगितले. त्यांच्याकडे तोपर्यंत आणखी एक वस्ती सोपवण्यात आली होती. तो निर्णय त्यांचा नव्हता आणि महापौरांचाही नव्हता. ते आठवड्यातून एकदा येऊन जात, तेही दिवसा.

निर्मलाताईंनी परिषदेत या गोष्टीचा पिच्छा पुरवला. गावाला पोलीस वाढवता येत नसेल तर गस्त वाढवता येते, हे त्यांनी मांडले, आणि तात्पुरत्या निधीतून संध्याकाळची गस्त मंजूर करून घेतली. योप आणि त्यांचा एक सहकारी संध्याकाळभर बोगद्याच्या आसपास असत. ते मोपेडवाल्या मुलांना नावाने ओळखू लागले. गुरुवारचे टेबल पुन्हा भरले. शैलजा दर गुरुवारी योप यांना बोगद्याच्या तोंडाशी चिवड्याचा पुडा नेऊन देई. भेट घेता येत नाही असे ते म्हणाले, तेव्हा तिने पुडा फोडून स्वतः एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आता ही भेट नाही, उष्टं आहे." सोबत असलेल्या निर्मलाताईंनी याचे भाषांतर करण्यास नकार दिला.

तात्पुरता निधी संपतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस परिषदेपुढे पुढील वर्षाचा अंदाज आला, तेव्हा दोन खर्चांपैकी एकच शक्य आहे हे स्पष्ट झाले: समाजघराचे भाडे किंवा संध्याकाळची गस्त. ही बातमी गावात पसरण्याच्या आधीच एका सकाळी निर्मलाताई आमच्या घरी आल्या.

शैलजाची खाट तेव्हा खाली बैठकीच्या खोलीत आणलेली होती. जिना चढणे तिला शक्य नव्हते. मी स्वयंपाकघरात चहा करीत होतो. मधले दार उघडे होते. जे ऐकले ते असे.

"तुम्ही सायकलीला कुलूप लावलं नाहीत," शैलजा म्हणाली. "खिडकीतून पाहिलं मी. काय झालंय?"

"शैलजा, मी तुझ्या खोलीविरुद्ध मत देणार आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आले."

मग शैलजा म्हणाली, "बसा तरी. उभ्यानं असली बातमी सांगतात का?"

"आधी घरपट्टी थोडी वाढवा म्हणून ठराव आणीन. तो पास झाला तर दोन्ही वाचेल. पण होणार नाही असं दिसतंय. मग एकच राहील, आणि मी गस्तीच्या बाजूनं जाणार."

"मला विचारायला आलात की सांगायला?"

"सांगायला. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग ते ओझं तुझ्यावर पडलं असतं."

शैलजा हसली. हसताना तिला खोकला आला, म्हणून मी पाणी घेऊन आत गेलो. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "विचारलं नाहीत तरी सांगते. खोली दुसरी मिळेल, ताई. बोगदा एकच आहे." आणि नंतर, माझ्याकडे पाहून, "ह्याला राग येणार आहे. येऊ दे."

मला राग आलाच. निर्मलाताई गेल्यावर मी तो व्यक्तही केला. शैलजाने ऐकून घेतले आणि उशी सरळ करण्यास सांगितले.

त्या आषाढात शैलजा गेली.

हिवाळ्याच्या तोंडाशी परिषदेत अंदाजपत्रकावर मतदान झाले. मी प्रेक्षकांच्या रांगेत बसलो होतो. मंडळातील बरीच मंडळी आली होती. मतदानापूर्वी सावंत यांनी निर्मलाताईंना बाहेर गाठले होते. त्यांच्या आवाजात आर्जव होते, रागही होता.

"ताई, त्या खोलीत वहिनींचा फोटो लावायचं ठरलंय आपलं. तुम्हीच विरोधात गेलात तर आपला माणूस परिषदेत असून उपयोग काय?"

"उपयोग हाच, की तुम्हाला नाही म्हणायला मराठीत कुणीतरी आहे."

घरपट्टी वाढवण्याचा त्यांचा ठराव फेटाळला गेला. गावातल्या घरमालकांना ती वाढ नको होती, आणि त्यांत आमच्यापैकी घर घेतलेली कित्येक मंडळीही होती. मग निर्मलाताई उठल्या. त्या फार थोडे बोलल्या. खोलीत काय चालत होते हे त्यांनी सांगितले, त्याचे मोल कमी करून सांगितले नाही. मग म्हणाल्या की, ज्या खोलीपर्यंत सुरक्षित पोहोचता येत नाही ती उघडी असून बंदच असते. पोलीस देणे गावाच्या हातात नाही, गस्त देणे आहे. म्हणून त्या गस्तीच्या बाजूने मत देत आहेत. शैलजाचे नाव त्यांनी घेतले नाही.

मी वाट पाहत होतो की त्या घेतील. आमच्या घरातले ते एक वाक्य सांगितले असते तर रांगेतल्या प्रत्येकाने मान खाली घातली असती. सभा संपल्यावर सायकली लावतात तेथे मी त्यांना गाठले आणि विचारले, "शैलजा काय म्हणाली होती ते तुम्ही सांगितलं का नाही?"

त्या कुलूप काढीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मत माझं होतं, विश्वासराव. ती आता खुलासा करायला येऊ शकत नाही. तिच्या नावावर मी काही खपवणार नाही."

"लोक तुम्हाला बोलतील."

"बोलू देत. मी उत्तर देऊ शकते. तिच्यावर चिडले तर कोण उत्तर देणार?" मग त्या म्हणाल्या, "तुम्हीही सांगायचं नाही. खोलीचं दार बंद होईपर्यंत तरी नाही. तोवर काहींना वाटत राहील की अजून काही करता येईल, आणि त्या ओढाताणीत तिला कशाला आणायचं? दाराला कुलूप लागलं की मग तुमचं तोंड मोकळं."

लोक बोलले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे काही घरांतून त्यांना गेले नाही. मंडळाच्या एका बैठकीत या गौरवग्रंथाचाच विचार सोडून द्यावा अशी सूचना आली. ती मंजूर झाली नाही, पण नामंजूर होण्यास वेळ लागला. निर्मलाताई त्या काळात आपली कामे करीत होत्या. कोणाचा परवाना अडला तर त्या जात, कोणाच्या मुलाला शाळेत प्रवेश हवा असेल तर पत्र वाचून देत. त्यांना बोलावणे न धाडणाऱ्यांच्या घरीही. यातील काहींना हा लेख वाचताना प्रथमच कळेल की, ज्या खोलीसाठी ते निर्मलाताईंवर रागावले होते ती खोली जिची होती तिने स्वतः ती सोडली होती.

ते मत बरोबर होते की नाही, यावर मी येथे निकाल देत नाही. मला ते आजही पूर्णपणे पटलेले नाही. गुरुवारचे टेबल सध्या वाचनालयाच्या एका कोपऱ्यात भरते. तेथे चहा नेता येत नाही, आवाज चढवता येत नाही, आणि शैलजाला या दोन्ही गोष्टींशिवाय शिकवणे जमले नसते. बोगद्यातून स्त्रिया ये-जा करतात. योप तेथे असतात. एवढी वस्तुस्थिती आहे.

परंतु गौरव मताचा होत नसतो, मत देणाऱ्याच्या वागण्याचा होतो. सहानुभूतीची किल्ली हातात असताना ती न वापरता कुलूपबंद दारासमोर उभे राहणारी माणसे मी माझ्या आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

त्यांच्या ममतेचा एक प्रसंग सांगून हा भाग संपवतो. या वर्षी करपत्रे टाकली जाण्याच्या एक-दोन दिवस आधी त्या संध्याकाळी माझ्या दाराशी आल्या. हातात मऊ भाताचा डबा होता. आत येण्यास नकार देऊन उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "विश्वासराव, करपत्र येईल आता. कचऱ्याचा आकार या वेळी एका माणसाचा लावलेला असेल. ती चूक नाही, नियमच तसा आहे. पण तो आकडा तुम्ही एकट्यानं पाहू नका. आलं की मला फोन करा."

पत्र आले. मी फोन केला. त्या आल्या, हेमंतरावही आले. निर्मलाताईंनी लिफाफा उघडला, पत्र वाचले, घडी करून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." मग हेमंतरावांनी चहा केला. पालिकेच्या भाषेत दिलेले असे सांत्वन मला इतर कोणाकडून मिळाले नसते, आणि मला इतर कोणत्या भाषेतले त्या दिवशी झेपलेही नसते.

मार्चअखेर समाजघर रिकामे करावयाचे होते. मागच्या खोलीची आवराआवर माझ्याकडे होती. मी पोहोचलो तेव्हा निर्मलाताई आधीच दाराशी उभ्या होत्या. सायकलीच्या मागे झाडू बांधलेला होता. "विरोधात मत दिलं म्हणून झाडायला बंदी आहे का?" त्यांनी विचारले. आम्ही खोली झाडली. खुर्च्या रचल्या. कपाटात चिवड्याचा रिकामा डबा सापडला, तो त्यांनी धुऊन पुसला आणि विचारले, "मी नेऊ?" मी म्हटले, न्या. फोटो लावण्यासाठी भिंतीत कोणी एक खिळा आधीच मारून ठेवला होता. तो त्यांनी काढला आणि भोक बुजवले.

काम आटोपल्यावर त्यांनी मला विचारले, "लिहिताय ना आता?"

"कुलूप लागल्यावर लिहीन असं ठरलं होतं."

"मग लावा. माझी साठी काय थांबणार आहे?"

निर्मलाताई, आपल्या साठीच्या निमित्ताने मंडळाच्या वतीने आणि ज्यांना आपला राग आला होता त्यांच्याही वतीने लिहितो. आपली प्रकृती उत्तम राहो. हेमंतरावांची आणि आपली सोबत दीर्घकाळ टिको. तिचे मोल मी आता अधिक नेमकेपणाने जाणतो. आपला मिसळणाचा डबा आणखी कित्येक फेब्रुवारी उघडत राहो आणि नव्याने आलेल्यांना मीठ कोणत्या बरणीत आहे ते आपण सांगत राहा. आपण शंभरी गाठाल तेव्हाच्या ग्रंथात लिहायला मी नसेन. पण त्या वेळीही आपण कोणाला तरी मराठीत नाही म्हणत असाल, अशी माझी मनोभावे इच्छा आणि खात्री आहे.

खोली आवरली त्या दिवशी निर्मलाताई आणि मी बाहेर आलो. खिडक्या तपासल्या, दिवे मालवले. किल्ल्यांचा लाल गोंडा मी सोडवून खिशात ठेवला. दाराला कुलूप लावले आणि बोगद्यातून पलीकडे जाऊन किल्ल्या नगरपालिकेच्या खिडकीवर परत केल्या.